दोन भांड्यांचं सिंक

रोहिणीची एक खोड चंद्रभागाबाईंना अजिबात खपत नव्हती. घरात काही मोडलं, अडलं, बंद पडलं, की ही सून आधी भिंतीपलीकडे बघायची. मिक्सर फिरेना, "हरिओम भाऊजींना दाखवू का?" पंखा कुरकुरला, "हरिओम भाऊजींना बोलवू का?" एकदा संडासाच्या दाराची कडी बसेना, तर तिथंही हरिओम भाऊजी. चंद्रभागाबाईंचा पोटचा मुलगा अभिमन्यू, म्हणजे हिचा लग्नाचा नवरा, त्याच घरात चांगला सहा फूट लांब होऊन लोळत असायचा. पण सुनेच्या तोंडी नाव यायचं ते जावेच्या पोराचं.

जाऊ म्हणजे बायडाबाई. धाकट्या दिराची, बंकटची बायको. दिंद्रुडमधलं हे मुळात एकच घर. वाटणीत मधे भिंत पडली आणि दोन झाली. मागची दारं मात्र समोरासमोर राहिली, मधे चार हात रुंदीचा फरशीचा बोळ. इकडच्या फोडणीचा ठसका तिकडे जायचा आणि तिकडचं हसणं इकडे यायचं. ठसक्याचं कुणी मनावर घेत नव्हतं. हसण्याचं चंद्रभागाबाई घ्यायच्या.

बायडाबाईला साठीतही मांडी घालून बसता येतं, हे त्यांना सलायचं. तिच्या आंबिलीला सगळे नावाजतात, हे सलायचं. तिचा हरिओम माजलगावला नळाचं काम शिकून आला आणि पंचक्रोशीत लोक त्याला गाडी पाठवून नेऊ लागले, हे तर फारच. त्यात दोन वर्षांमागे बायडाबाईनं ओटा बांधून स्टीलचं सिंक बसवलं. उभ्यानं भांडी घासायची सोय. गल्लीतल्या बाया बघायला गेल्या. चंद्रभागाबाईही गेल्या, चहा प्यायल्या आणि निघताना म्हणाल्या, "बरं हाय. पण बारकं हाय."

एकदा बारकं म्हणून बसल्यावर मोठं आणणं आलंच. महिन्याच्या आत चंद्रभागाबाईंच्या ओट्यात दोन भांड्यांचं सिंक बसलं. हरिओम आपण होऊन आला होता. "मोठ्या काकू, मी बसवून देतो."

"तुला लई कामं असत्यात, बाबा," चंद्रभागाबाई म्हणाल्या आणि त्यांनी धारूरहून माणूस आणला. तो ग्रॅनाइटचा माणूस. ग्रॅनाइट त्यानं आरशासारखं बसवलं. नळ्या अंदाजानं बसवल्या.

पहिल्या भांड्यात भांडी घासली जायची. दुसऱ्याला काही काम नव्हतं. ते चंद्रभागाबाई रोज लिंबाच्या सालीनं पुसायच्या आणि आल्यागेल्याला दाखवायच्या. दोन वर्षं त्यात पाण्याचा थेंब पडू दिला नाही. त्यामुळे ते खालून गळतं, हे कळायलाही दोन वर्षं लागली.

कळलं ते महालक्ष्म्यांच्या तीन दिवस आधी. रोहिणीनं समया आणि तांब्याचे तांबे घासायला काढले. पहिलं भांडं भरलं, म्हणून तिनं निम्मे दुसऱ्यात घेतले. थोड्या वेळानं खालच्या कप्प्यातून रव्याचा डबा काढायला गेली, तर डबा पाण्यात बसलेला.

"मामी," तिनं सासूला हाक मारली, "खाली गळायलंय."

"काय गळायलंय?"

"तुमचं ते दुसरं भांडं."

चंद्रभागाबाई आल्या. गुडघे वाकत नव्हते, तरी वाकल्या. नळीच्या जोडावर एक थेंब लोंबत होता. तो पडला. दुसरा आला.

"एवढंच न्हवं," त्या म्हणाल्या.

"हरिओम भाऊजींना..."

"नाव काढू नको."

आणि त्याला कारण होतं. या घराण्यातले महालक्ष्म्यांचे दोन पितळी मुखवटे चंद्रभागाबाईंच्या आजेसासूच्या वेळचे. लक्ष्म्या थोरल्या सुनेच्या घरी बसायची चाल, म्हणून एकतीस वर्षं त्या चंद्रभागाबाईंच्या घरी बसत होत्या. त्या तीन दिवसांत बायडाबाईनं कितीही चांगली आंबील केली, तरी ती थोरलीच्या चुलीवर करायला लागायची. वर्षभर सोसलेलं सगळं या तीन दिवसांत भरून निघायचं. पण दोन वर्षांपासून बायडाबाईनं धोशा लावला होता, "एकबारी माझ्याबी घरी बसू द्या." हा धोशा तिनं थेट आक्कांकडे लावला होता. आक्का म्हणजे वत्सलाबाई, दोघींच्या नवऱ्यांची थोरली बहीण. वय ऐंशीच्या पुढं, माजलगावला राहायच्या, लक्ष्म्यांना न चुकता यायच्या. त्या बोलल्या की विषय संपला. मागच्या वर्षी आक्का म्हणाल्या होत्या, "बघू. लक्ष्मीच्या मनात असंल तिथं ती जाईल."

आता ज्या घरात पाणी गळतं, त्या घरात लक्ष्मी टिकत नाही, असं सगळ्या बाया मानतात. चंद्रभागाबाई तर इतरांच्या घरातल्या गळक्या नळांकडे बोट दाखवून हे सांगत आलेल्या. म्हणजे हा थेंब भिंतीपलीकडे कळता कामा नये. आणि भिंतीपलीकडे न कळता हरिओमला बोलवायचं, हे काही जमणारं नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःच जोडावर जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली. आधी थेंब पडत होता, आता पट्टी भिजून तिच्या दोन्ही टोकांनी दोन थेंब पडू लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याला गाठलं. गहिनीनाथराव ट्रॅक्टरमधला माणूस. जगातली कुठलीही गोष्ट ढिली झाल्यानं बिघडते आणि आवळल्यानं सुधारते, अशी त्यांची समजूत. ते ट्रॅक्टरचा पाना घेऊन ओट्याखाली शिरले. कंबरेपासून खालचा भाग तेवढा बाहेर.

"आवं, पलास्टिक हाय ते," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"मला शिकीव."

आतून 'कडक' असा आवाज आला.

"बसलं," गहिनीनाथराव म्हणाले.

"काय बसलं?"

"आवाज आला न्हवं का."

पाणी सोडून बघितलं. थेंबाची आता बारीक धार झाली होती. गहिनीनाथराव बाहेर आले, पाना पुसला आणि थोडा विचार करून म्हणाले, "एक सांगू का? ह्या दुसऱ्या भांड्याला बूच लावून टाका. पाणीच गेलं न्हाई तर गळंल कशाला? एक भांडं हाय की वापरायला."

चंद्रभागाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. "एकच वापरायचं तर दोन कावून घेतले?"

"ते मी तवाच इचारलं व्हतं."

"एक तर बायडीकडंबी हाय."

यावर वाद घालायचा नसतो, हे गहिनीनाथरावांना माहीत होतं. चाळीस वर्षांच्या संसारात ते एवढं शिकले होते. पाना घेऊन ते ट्रॅक्टरकडे गेले.

तिसऱ्या दिवशी अभिमन्यूची पाळी. त्यानं मोबाइलवर सिंक दुरुस्त करायचा व्हिडिओ लावला. त्यातला माणूस हिंदीत बोलत होता आणि त्याच्या सिंकखाली देवघरासारखा लख्ख उजेड होता. अभिमन्यूनं तो व्हिडिओ तीनदा बघितला.

"काय बे," गहिनीनाथराव दारातून म्हणाले, "बघून बघून गळायचं थांबतंय का?"

"आप्पा, तुमी पाना घेऊन जवळ येऊ नका फक्त."

तो मोटारसायकलवर धारूरला जाऊन आला. नळीच्या जोडाचा नवीन आटा आणला, पांढरी टेप आणली आणि दोन मऊ वड्या एकत्र मळून लावायचं ते चिकट आणलं. आटा एका बोटानं मोठा निघाला. फट राहिली, ती त्यानं चिकटानं भरून काढली, वरून टेप गुंडाळली, घाम पुसला आणि म्हणाला, "माय, हे उद्यापतूर वाळू द्यायचं. पाण्याचा थेंब सोडायचा न्हाई." विसरायला नको म्हणून त्यानं वहीच्या पानावर 'सिंकमध्ये पाणी टाकू नये' असं लिहून ते भांड्यावर चिकटवलं.

ते पान चंद्रभागाबाईंनी हळूहळू अक्षर लावून वाचलं आणि काढून चुलीत घातलं. बायडाबाईला त्यांच्यापेक्षा भरभर वाचता येत होतं.

तासाभरानं बोळातून हाक आली.

"जाऊबाई, दोन दिस झाले, ठोकाठोक कशाची चाललीय वो?"

"ठोकाठोक कुठली, बायडे? घासाघीस चाललीय. लक्ष्म्या यायच्यात."

"न्हाई, अभिमन्यू धारूरला गेलता म्हणं."

"कुंकू आणायला गेलता."

"कुंकू दिंद्रुडात मिळंना का?"

कुंकवाचा विषय तिथंच सोडून चंद्रभागाबाई ओट्यापाशी गेल्या. घर कसं ठणठणीत आहे, हे तिकडे ऐकू तरी जावं, म्हणून त्यांनी दुसऱ्या भांड्यावरचा नळ पूर्ण सोडला. पाण्याचा मोठा आवाज झाला. मागोमाग खाली दुसरा आवाज झाला. न वाळलेलं चिकट वरणासारखं घसरून खाली आलं, टेप आपोआप उलगडली आणि धार होती ती आता करंगळीएवढी झाली.

रोहिणी पळत आली. तिनं खाली बघितलं, सासूकडे बघितलं, तोंड उघडलं.

"नाव काढू नको," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

शेवटी नळीखाली एक परात सरकवली, कप्प्याचं दार लावलं आणि ठरलं, की रोहिणीनं थोड्या थोड्या वेळानं परात उपसायची आणि दुसऱ्या भांड्याजवळ कुणाला फिरकू द्यायचं नाही. तीन दिवसांचा तर प्रश्न.

चौथ्या दिवशी महालक्ष्म्या यायच्या होत्या. मुहूर्त दुपारी चारचा. रोहिणीनं सकाळपासून कुंकवाच्या पाण्यात मूठ बुडवून लक्ष्मीची पावलं उमटवली. बाहेरच्या उंबऱ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत, ओट्यापुढून धान्याच्या कोठीपर्यंत आणि तिथून मखरापर्यंत. लक्ष्मीला सगळं घर दाखवून मग बसवायची चाल. पावलं अशी देखणी आली होती, की चंद्रभागाबाईंनीही नाव ठेवलं नाही.

साडेतीनला आक्का आल्या. भावकीतल्या पंधरा-वीस बाया आल्या. मुखवट्यांना शिवायच्या आधी हात धुवायचे, म्हणून सगळ्या स्वयंपाकघरात गेल्या. चंद्रभागाबाई लगबगीनं पहिल्या भांड्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. "हितं धुवा, हितं."

तेवढ्यात बायडाबाई दुसऱ्या भांड्यासमोर थांबली. तिनं त्या झळझळीत स्टीलकडे बघितलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "एक सांगू का बायांनो, जाऊबाईनं लई हुशारी केली. खरकट्याचं निराळं, हात धुवायचं निराळं. सणासुदीला असंच पायजे. आमचं आपलं एक भांडं, त्यातच सगळं." आणि तिनं नळ सोडला.

दोन वर्षं चंद्रभागाबाई या वाक्याची वाट बघत होत्या. बायडाबाईच्या तोंडून, चारचौघींत, आक्कांच्या समोर. ते आलं आणि असं अवेळी आलं. 'तिथं नको' असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही. पण मग 'कावून नको' ते सांगावं लागलं असतं. त्यात वाक्य अजून कानात गोड वाजत होतं.

"धुवा की," त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठीच घेतलंय."

मग सगळ्याच बाया त्या नव्या भांड्यात हात धुवू लागल्या. कुणी कोपरापर्यंत धुतले. एकीनं चूळ भरली. रोहिणीनं सासूकडे बघितलं, पण उपसायला खाली वाकायचं कसं? कप्प्यापुढे बायांची रांग.

इतक्यात आक्कांनी हाक दिली, वेळ झाली. थोरला मुखवटा थोरल्या जावेनं घ्यायचा, धाकटा धाकट्या जावेनं. दोघींनी ताटात मुखवटे घेतले, डोक्यावरून पदर घेतला आणि पावलांवरून चालू लागल्या. पुढे रोहिणी, हातात दिवा.

"कोण आलं?" आतून बायांनी विचारलं.

"लक्ष्मी आली."

"कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्यामोत्यांच्या पावलांनी आली."

स्वयंपाकघरात ओट्यापुढून जाताना चंद्रभागाबाईंच्या तळपायाला गार लागलं. खाली बघता येईना, मुखवट्यावरून नजर हलवायची नसते. मागून बायडाबाई आली, तीही त्याच गारव्यातून गेली, तीही बोलली नाही. लक्ष्म्या बसल्या. दागिने घातले, हार घातले, आरती झाली. तोवर कप्प्याच्या दाराखालून पाणी निवांत वाहत राहिलं.

आरतीनंतर आक्का तोंडातलं पान टाकायला मागच्या दाराकडे गेल्या. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून आक्कांना सगळंच स्वच्छ दिसायचं. त्या ओट्यापाशी थांबल्या. मग दारापाशी थांबल्या. मग पान न टाकताच हाक मारली.

"चंद्रभागा, पावलं कुठं गेली?"

सगळ्या बाया धावल्या. ओट्यापुढची पावलं पुसून गेली होती. त्या जागी कुंकवाचं लाल पाणी होतं. आणि ते पाणी एक सरळ रेघ धरून मागच्या उंबऱ्यावरून उतरलं होतं, बोळाची फरशी ओलांडून गेलं होतं आणि समोर बायडाबाईच्या दारापुढच्या खळग्यात जाऊन थांबलं होतं. तिथं हळदीकुंकवाच्या वाटीएवढं लाल तळं साचलं होतं.

बायडाबाई पुढे झाली. आपल्या दारापाशी गेली आणि तिथंच हात जोडून बसली. मांडी घालून.

"पाणी सांडलं असंल, आक्का," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"कुणी सांडलं?"

बायांनी एकमेकींकडे बघितलं. सगळ्यांनी तर सिंकमध्येच हात धुतले होते.

"कुठलं पाणी, चंद्रभागा?" आक्कांनी परत विचारलं.

आता 'सिंक गळतंय' एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. पण ज्या दोन भांड्यांचं बायडाबाईनं अर्ध्या तासापूर्वी कौतुक केलं, ते दोन वर्षांपासून गळकं आहे, हे बायडाबाईच्या समोर, पंधरा-वीस बायांत. ते दोन शब्द चंद्रभागाबाईंनी गिळले.

"असंल कुठलं तरी," त्या म्हणाल्या.

आक्कांनी ती लाल रेघ ओट्यापासून खळग्यापर्यंत नजरेनं मोजली. "उद्या जेवणं झाल्यावर सांगते," त्या म्हणाल्या आणि पान टाकायला पुढच्या दारानं गेल्या.

दुसऱ्या दिवशी महाजेवण. सोळा भाज्या, पुरण, आंबील, पंचेचाळीस माणसं. चंद्रभागाबाईंनी सकाळीच दुसऱ्या भांड्यावर पाट टाकून वर पुरणाची परात ठेवून दिली, म्हणजे हात धुण्याचा विषयच संपला. मग त्या तासभर पूजेला बसल्या. समोर थोरलीचा मुखवटा मंद हसत होता. तो बघून त्यांना एकतीस वर्षांचं सगळं आठवलं. पुढच्या वर्षी याच वेळेला हे हसू भिंतीपलीकडे असणार आणि आपण तिथं पाहुण्यासारखं पाटावर बसून 'बायडे, आंबील छान झालीय' म्हणणार. त्यांना पूजेत दोनदा ठसका लागला.

जेवणं झाली. आंबिलीला सगळ्यांनी नावाजलं, कुणी केली ते विचारून नावाजलं. विडे वाटले गेले. आक्का मखरासमोर बसल्या आणि सगळे भोवती जमले.

"मी काय मनानं सांगत न्हाई," आक्का म्हणाल्या. "माझ्यापरीस मोठीनं सांगितलंय. तिनं सवता वाट दावली, तुमी समद्यांनी बघितली. पुढल्या सालापासून..."

"आक्का, थांबा." चंद्रभागाबाई उठल्या. गुडघ्यांनी कुरकुर केली, तरी उठल्या. "ती वाट लक्ष्मीची न्हाई. माझ्या सिंकची हाय."

सगळ्यांची तोंडं स्वयंपाकघराकडे वळली.

"चार दिस झाले गळायलंय," त्या म्हणाल्या. एकदा पहिला शब्द बाहेर पडल्यावर बाकीचेही पडले. "लुगडं बांधलं, ह्यांनी फोडलं, अभिमन्यूनं चिकटवलं. थांबंना. काल तुमी समद्यांनी हात धुतले, परात भरून पाणी बाहेर आलं, त्यानं पावलं धुतली. उगं लक्ष्मीवर घालू नका."

चंद्रभागाबाईंना वाटलं, आता बायडाबाई हसेल. ती हसली नाही. ती शांतपणे म्हणाली, "असंल गळत, जाऊबाई. म्या न्हाई म्हणत न्हाई. पण पाणी माझ्याच दारी कावून आलं? बाकीच्या तीन दिशा काय बुजल्या व्हत्या?"

"फरशीला उतार हाय तिकडं."

"उतार कुणी दिला?"

"धारूरच्या माणसानं."

"अन् त्याला बुद्धी कुणी दिली?"

आक्कांनी मान डोलावली. बायांनीही डोलावल्या. चंद्रभागाबाईंच्या लक्षात आलं, की आता तोंडानं भागणार नाही. "डोळ्यांनी बघा मग," त्या म्हणाल्या आणि सगळ्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

पाट काढला. खालच्या कप्प्याचं दार सताड उघडलं. ज्या नळीवर चार दिवस पांघरूण घातलं, ती नळी आता भावकीला दाखवायला त्यांनी स्वतःच्या हातानं डबे बाजूला केले. आक्कांसाठी खुर्ची आणली. मग भरलेली बादली उचलून त्यांनी दुसऱ्या भांड्यात रिकामी केली.

पाणी गुडगुड करत गेलं. पंधरा-वीस माना खाली वाकल्या. नळी कोरडी होती.

"थांबा, येळ लागतो," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

सगळे थांबले. थेंब आला नाही. त्यांनी दुसरी बादली ओतली. तिसरी अभिमन्यूनं ओतली. गहिनीनाथराव खाली बसून नळीकडे बघत हळूच म्हणाले, "गळ की गं माय." नळी गळाली नाही.

"बघा," एक बाई म्हणाली. "लक्ष्मीचं काम झालं, तशी थांबली."

तिथून पुढे कुणाला समजवायची सोयच राहिली नाही. आक्कांनी डोळे मिटून हात जोडले. बायडाबाईनं तर ओट्यालाच हात लावून कपाळाला लावला. चंद्रभागाबाई रिकामी बादली हातात धरून उभ्या. एवढ्यात रोहिणीनं त्यांना पदराला धरून कोपऱ्यात ओढलं.

"मामी, रागावणार न्हाई न्हवं?"

"काय केलंस?"

"सकाळी तुमी पूजेला बसल्यात, तवा मी हरिओम भाऊजींना मागच्या दारानं बोलीवलं. कुणाला सांगू नका म्हणलं. आतला रबरी वायसर उलटा बसलेला व्हता, पहिल्या दिवसापासून. त्यांनी तो बदलला, आटा बदलला. दहा मिनटं लागली." रोहिणीनं आवाज आणखी खाली आणला. "एवढी माणसं जेवायची, सैपाकघरात पाणी कसं ठेवायचं? म्हणून केलं. आता सांगू का समद्यांना?"

"थांब," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

सांगितलं, तर लक्ष्म्या राहतील. पण तिघांनी मिळून चार दिवसांत जे आणखी बिघडवलं, ते बायडाबाईच्या पोरानं दहा मिनिटांत केलं, हेही राहील. दरवर्षी, दर सणाला, आंबिलीच्या प्रत्येक वाटीबरोबर. न सांगितलं, तर इज्जत झाकली, पण मुखवटे भिंतीपलीकडे. चंद्रभागाबाईंनी एकदा मखराकडे बघितलं, एकदा दाराशी विड्यांचं ताट घेऊन छताकडे बघत उभ्या असलेल्या हरिओमकडे. त्यांना दोन्हीकडून सारखंच दुखत होतं. त्या जवळजवळ गप्पच बसणार होत्या.

तेवढ्यात बायडाबाई आक्कांना सांगताना ऐकू आली, "आक्का, बसवते मी घरी, माझं भाग्य. फक्त एकच अडचण हाय. माझं सिंक एका भांड्याचं. पंचेचाळीस माणसांची उष्टी-खरकटी त्यात कशी व्हायची? म्हणून म्हणते, लक्ष्म्या माझ्याकडं बसतील, सैपाक अन् भांडी जाऊबाईकडंच होऊ द्या. एवढं दोन भांड्यांचं सिंक हाय."

चंद्रभागाबाईंनी बादली खाली ठेवली.

"हरिओम, हिकडं ये," त्या म्हणाल्या. "सकाळी माझ्या घरात येऊन काय केलंस, ते आक्कांना सांग."

हरिओमनं वहिनीकडे बघितलं, आईकडे बघितलं. "वायसर बदलला, मोठ्या काकू. गळत व्हतं ते बंद केलं."

आक्कांनी डोळे उघडले. बायडाबाईच्या चेहऱ्यावरून लक्ष्मी निघून जाताना सगळ्यांनी बघितली. तिला अजूनही म्हणता आलं असतं, की त्याला बुद्धी कुणी दिली. ते तिच्या ओठांवर आलंही होतं. पण मधेच तिला दुसरंच काहीतरी सुचलं आणि तिचा चेहरा पुन्हा फुलला.

"किती येळ लागला रे?" तिनं विचारलं.

"दहा मिनटं."

"दहाच?"

"दहाबी न्हाई, माय. एक वायसर तर उलटा व्हता."

"ऐकलं का, आक्का?" बायडाबाई म्हणाली. "ह्या तिघांनी चार दिस घातले. थोरल्या भाऊजींनी फोडलं, अभिमन्यूनं चिकटवलं. अन् माझ्या हरिओमनं दहा मिनटात. जाऊबाई म्हणत्यात ते खरंच हाय, ते सिंकचंच पाणी व्हतं. गळतच व्हतं ते. लई गळत असणार."

"म्हंजे पाणीच व्हतं," आक्का म्हणाल्या.

"पाणीच," बायडाबाई ठासून म्हणाली. "हरिओम नसता तर घर वाहून गेलं असतं."

मग प्रश्नच उरला नाही. आक्का म्हणाल्या, लक्ष्म्या बसल्यात तिथंच बसतील. कुणी फारसं ऐकलं नाही, कारण बाया हरिओमभोवती जमल्या होत्या. एकीच्या न्हाणीतला नळ ठिबकत होता, एकीची टाकी भरून वाहत होती. आक्कांनीही माजलगावच्या घरातल्या मोरीचं विचारून घेतलं. बायडाबाई मधोमध बसून कुणाकडे कधी जायचं ते ठरवून देत होती. जाताना तिनं मखरासमोर हात जोडले आणि हसत हसत बोळ ओलांडून घरी गेली. तिचं हसणं बराच वेळ इकडे येत राहिलं.

चंद्रभागाबाई मखरासमोर बसल्या. मुखवटे त्यांच्या घरात होते आणि पुढच्या वर्षीही त्यांच्याच घरात राहणार होते. रोहिणी दबकत दबकत शेजारी येऊन उभी राहिली.

"मामी, चुकलं का माझं?"

चंद्रभागाबाईंनी थोरलीच्या नथीचा मोती सरळ केला, मग धाकटीचा केला, आणि सुनेकडे वळून म्हणाल्या, "तू लक्ष्मी राखलीस, रोहिणी, अन् माझं नाक घालीवलंस. पुढल्या बारीला आधी माझं नाक बघ. लक्ष्मीचं लक्ष्मी बघून घेती."